दहावीचा निकाल ७७ चा ९५ कसा झाला, आणि जुनी मॅट्रिक खरंच तेवढी अवघड होती का

मे महिन्यात आम्ही सगळे खानदेशात गावी जमतो, दिवसभर ४४ डिग्री ऊन, रात्री ओट्यावर खाटा टाकल्या की जरा वारं लागतं आणि मग दरवर्षी तोच वाद निघतो. कोणाच्यातरी पोराला ८८ टक्के पडलेले असतात, सगळे पेढा खातात आणि आमचे नाना, म्हणजे माझे वडील, पेढा तोंडात असतानाच म्हणतात, "आते ते समदाच पास व्हतस, आमना टाईमले मॅट्रिक म्हंजे मॅट्रिक व्हती." पोरगं बिचारं गप्प बसतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षांपासून शिकवतोय, त्यामुळे मला यावर बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि खरं सांगायचं तर नानांचं अर्धं बरोबर आहे नि अर्धं साफ चुकीचं. कुठलं अर्धं ते नीट समजून घेऊ.

आधी दोन आकडे. राज्य बोर्डाचा दहावीचा निकाल २०१९ ला ७७.१० टक्के लागला, आणि २०२० ला ९५.३०. त्याच्या आधी २०१८ ला ८९.४१ होता. म्हणजे एका वर्षात बारा टक्क्यांनी खाली आला आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी वर गेला. आता मला सांगा, २००३ साली जन्मलेली पोरं काय ढ होती आणि २००४ साली जन्मलेली सगळी हुशार निघाली का? तेच पारोळा, तेच चोपडा, तेच मास्तर, तीच पोरं. मग झालं काय?

झालं असं की २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रं या विषयांचे अंतर्गत २० मार्क काढून टाकले होते. आधी लेखी ८० आणि तोंडी वगैरे धरून शाळेच्या हातातले २०, दोन्ही मिळून ३५ आले की पास. आता शाळा काय करते, आपल्याच पोराला २० पैकी १६-१७ देते, कोण कमी देईल? समजा १७ दिले, तर राहिले १८. ८० पैकी १८, म्हणजे साडेबावीस टक्के. तेवढं लिहिलं की पोरगं पास. २०१९ ला ते २० गेले आणि पेपर झाला १०० चा, मग त्याच पोराला खरोखरचे ३५ लिहून आणायची वेळ आली. म्हणजे कागदावर पासिंग ३५ चं ३५ च राहिलं पण उडी मारायची दोरी साडेबावीसवरून पस्तीसवर गेली. वर त्याच वर्षी दहावीचा अभ्यासक्रम नवा, भाषेला कृतिपत्रिका नवीन, पोरांना आणि आम्हालाही सराव नव्हता. मग निकाल पडल्यावर आरडाओरडा झाला, राज्य बोर्डाची पोरं अकरावीच्या अ‍ॅडमिशनला बाकी बोर्डांच्या मागे पडतील म्हणून, आणि २०२० ला २० मार्क परत आले. निकाल ९५. त्याच्या पुढच्या वर्षी कोरोनात तर पेपरच झाला नाही, नववीचे ५०, दहावीच्या शाळेतल्या लेखी चाचण्यांचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे जोडून मार्क दिले, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवायची ती ही, की निकालाची टक्केवारी एकटी काहीच सांगत नाही. पोरं किती शिकली ते त्यात थोडंसं असतं, आणि माप कोणतं लावलं ते खूप असतं. आमच्या आजोबांच्या काळात धान्य पायलीनं मोजायचे, आता क्विंटलमधे. कोणी म्हटलं आमच्या वावरात पन्नास झाले, तर आधी विचाराल ना पन्नास काय? पायल्या, पोती का क्विंटल? परीक्षेच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आता थोडं मुळात जाऊ, परीक्षा घेतात कशाला?

दोन वेगळी कामं असतात आणि आपण ती एकत्र कालवून टाकतो. खानदेशातलीच दोन उदाहरणं घ्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे येतात, तिथं सगळ्यात देखणा घोडा कोणता ते ठरतं. तो ठरतो त्या यात्रेतल्या बाकी घोड्यांच्या मानानं. यंदा सगळेच घोडे भारी आले तरी पहिला एकच येणार, आणि सगळे सामान्य आले तरी त्यातला एक पहिला येणारच. आता दुसरं उदाहरण, सीसीआयच्या सरकारी कापूसखरेदी केंद्रावर कापूस नेला की तिथं ओलावा मोजतात, १२ टक्क्यांच्या वर गेला की घेत नाहीत. तिथं तुमच्या शेजाऱ्याचा कापूस कसा आहे याचा काही संबंध नाही. सगळ्या गावाचा कापूस कोरडा असेल तर सगळ्या गावाचा घेतील, आणि पाऊस लागला असेल तर सगळ्यांचाच परत येईल.

परीक्षांचंही असंच. एक परीक्षा निवडायला असते, थोड्या जागा नि जास्त पोरं, मग वरची घ्यायची. दुसरी परीक्षा तपासायला असते, अमुक इतकं येतंय का नाही. तपासायच्या परीक्षेत सगळे पास झाले तर आनंदच व्हायला पाहिजे. निवडायच्या परीक्षेत सगळे पास झाले तर ती परीक्षा कामाची राहात नाही. आपल्या दहावीवर गेली कित्येक वर्षं ही दोन्ही ओझी एकदम टाकलीयेत, म्हणून निकाल कमी लागला तरी लोक चिडतात आणि जास्त लागला तरी चिडतात.

नानांची मॅट्रिक मुळात निवडायचीच होती. मुंबई विद्यापीठ १८५७ ला निघालं, १८५९ ला पहिली मॅट्रिक झाली, आणि त्यात जेमतेम विसेक पोरं पास झाली, न्यायमूर्ती रानडे त्यातलेच. ती परीक्षा घ्यायचं विद्यापीठ, कारण कॉलेजात कोणाला घ्यायचं ते ठरवायचं होतं. खेड्यातल्या पोरानं शाळा सोडताना त्याला काय यायला पाहिजे याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. त्यासाठी वेगळी परीक्षा होती, व्हर्नाक्युलर फायनल, गावाकडे नुसतं 'फायनल' म्हणायचे. मराठी सातवीची परीक्षा. आमचे आजोबा, आप्पा, फायनल पास होते, त्यांच्या सर्टिफिकेटवर जिल्हा 'पूर्व खानदेश' असं छापलंय, तो कागद अजून आमच्या लोखंडी पेटीत आहे. फायनलवर आप्पा मास्तर झाले. सातवी पास माणूस मास्तर, आज ऐकून पोरं हसतात, पण ती सातवी पास करणारी पोरं तालुक्यात मोजून असायची.

इथं एक गोंधळ नेहमी होतो तो सांगून टाकतो, जुनी माणसं म्हणतात "मी इंग्रजी चौथी शिकलो" आणि आपल्याला वाटतं चौथीच. तसं नाही. मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी शाळेत जायचं, तिथं पुन्हा पहिलीपासून मोजायला सुरुवात. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, इंग्रजी चौथी म्हणजे आठवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे अकरावी, तीच मॅट्रिक. अशी इंग्रजी शाळा गावोगाव नव्हती. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळायचे ते आपल्याला माहीत असतं, पण छात्रालय लागायचंच का याचा विचार करा, खेड्यातल्या पोराला मॅट्रिक करायची म्हणजे घर सोडून अमळनेर नाहीतर धुळे-जळगावला राहायला लागायचं. ज्याच्या घरी एक माणूस वावरातून मोकळा करायची ऐपत होती तोच जायचा. पोरींचं तर विचारूच नका.

पुढे स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक जाऊन एसएससी आली, विद्यापीठाकडून काम बोर्डाकडे गेलं, आणि आजचं राज्य बोर्ड १९६५ च्या कायद्यानं झालं. तरी परीक्षा अकरावीलाच होती आणि लोक तिला मॅट्रिकच म्हणायचे. मग कोठारी आयोगानं १९६६ ला अहवाल दिला त्यात देशभर एकच १०+२+३ करा असं सांगितलं, आणि आपल्याकडे १९७५ ला दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली. त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची बॅचही बसली, एका वर्षात दोन वर्ग बोर्डाला. नाना त्या शेवटच्या अकरावीचे. म्हणून त्यांच्या बोलण्यात तो ठसका आहे, त्यांच्यानंतर त्यांची परीक्षाच बंद झाली.

मग जुनं अवघड होतं का? हे नुसतं हो-नाही मधे सांगता येत नाही, कारण विचारायचं तेच बदललं.

आप्पांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं पाठ होतं. बाजारात सव्वातीन शेराचे पावणेदोन आण्यांनी किती झाले ते चालता चालता सांगायचे. आम्हाला वाटायचं काय डोकं आहे, आणि होतंच. पण ते पाढे शाळेत का होते ते बघा, रुपयाचे सोळा आणे, पाव म्हणजे चार आणे, व्यवहारच पाव-अर्धा-पाऊण असा चालायचा. १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मग किलो-मीटर आले, आणि पावकीचं काम संपलं. ती पाठ्यपुस्तकातून गेली म्हणजे दर्जा घसरला असं नाही, तिची गरजच राहिली नाही. उलट आजच्या दहावीच्या गणितात वर्गसमीकरणं आहेत, अंकगणिती श्रेढी आहे, संभाव्यता आहे आणि अर्थनियोजन नावाचा धडा आहे त्यात जीएसटी आणि शेअर्सची उदाहरणं सोडवायला लागतात. आप्पांना यातलं एकही आलं नसतं. इंग्रजीचंही तसंच, मला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू झालं, २००० पासून ते पहिलीपासून आहे.

पण नानांचं जे अर्धं बरोबर आहे तेही सांगायला पाहिजे. तोंडी हिशोब, सुंदर अक्षर, दोन पानं सलग न चुकता लिहिणं, हे त्यांच्या वेळी घासून घेतलं जायचं आणि आज माझ्या वर्गात ते कमी झालंय. मी रोज बघतो. अभ्यासक्रम वरच्या बाजूला वाढत गेला आणि पायाला वेळ कमी पडायला लागला, हे मी शिक्षक म्हणून मान्य करतो.

आणि एक मोठी गोष्ट नानांच्या हिशोबात कधी येत नाही ती म्हणजे परीक्षेला बसायचं कोण. नानांच्या गावातून त्या वर्षी किती पोरं मॅट्रिकला बसली विचारलं तर ते बोटावर मोजून सांगतात, आणि पोरगी एक. बाकीची पोरं कुठं गेली? चौथी-सातवीत गळाली, ढोरं राखायला गेली, सालदार म्हणून लागली. जी शेवटपर्यंत टिकली तीच परीक्षेला बसली, म्हणजे गाळून आलेली पोरं आधीच. आज राज्यात दरवर्षी पंधरा-सोळा लाख पोरं दहावीला बसतात. त्यात एसटीच्या फुकट पासवर रोज येणाऱ्या खेड्यातल्या पोरी आहेत, सातपुड्यातल्या आश्रमशाळेतली पोरं आहेत, आई-बाप ऊस तोडायला गेलेत म्हणून आजीकडे राहून शिकणारी आहेत. नानांच्या काळात ही पोरं नापास सुद्धा होत नव्हती, कारण ती परीक्षेपर्यंत पोचतच नव्हती. त्या बोटावर मोजायच्या पोरांची आणि या पंधरा लाखांची तुलना करून पिढी बिघडली म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आता खालच्या वर्गांकडे येऊ, कारण खरा गैरसमज तिथंच आहे. 'ढकलपास'.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात म्हटलं होतं की आठवीपर्यंत कोणत्याही पोराला एकाच वर्गात मागे ठेवायचं नाही. लोकांनी ऐकलं, परीक्षा बंद. तसं कायद्यात कुठंच नव्हतं. उलट सांगितलं होतं की सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करा, म्हणजे वर्षाच्या शेवटी एकदा शिक्का मारण्यापेक्षा वर्षभर बघत राहा पोराला काय जमत नाही आणि लगेच शिकवा. आपल्या राज्यात त्याचे दोन भाग केले, आकारिक आणि संकलित. आकारिक म्हणजे रोजचं, निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचा पेपर. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, आणि वर जाता जाता ते उलटं होत जातं, सातवी-आठवीला आकारिक ४० नि संकलित ६०. मार्कांच्या जागी श्रेणी, ९१ च्या वर अ-१ वगैरे.

कल्पना फार चांगली होती, आजही मला ती मनापासून पटते. घरातली बाई भाकर थापताना पीठ सैल झालं तर तिथंच दुरुस्त करते, तव्यावर जळेपर्यंत थांबत नाही, तसंच हे. पण वर्गात चाळीस पोरं, दोन इयत्ता एकत्र, वर सर्व्हे, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, आणि प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. मग झालं काय की नोंदवही भरणं हेच काम झालं आणि नोंद वाचून पोराला परत शिकवायचं राहून गेलं. मी स्वतः रात्री बसून नोंदी पूर्ण केल्यात आणि सकाळी ज्या पोराला वजाबाकी येत नाही त्याला तसंच पुढच्या धड्यावर नेलंय, याची मला अजून टोचणी आहे. कायद्यानं नापास करणं थांबवलं पण मागे पडलेल्याला वर ओढायला जो माणूस आणि जो वेळ पाहिजे होता तो दिलाच नाही, मग पोरगं आठवीपर्यंत वर सरकत गेलं आणि नववीत धपकन पडलं. आई-बापाला वाटलं ढकलपासनं वाटोळं केलं. पण आधीच्या काळात चौथीत दोनदा नापास झालेलं पोरगं तिसऱ्या वर्षी हुशार होऊन पुढं जायचं का? बहुतेक वेळा ते शाळाच सोडायचं, हेही लोकांनी आठवून बघावं.

यात खानदेशाची स्वतःची एक अडचण आहे तिच्यावर कोणी बोलत नाही. माझ्या वर्गातलं पोरगं घरी अहिराणी बोलतं. त्याला विचारलं वडील कुठं गेले, त्यानं वहीत लिहिलं, "मन्हा बाप वावरमा गया." पुस्तकी उत्तर आहे, माझे वडील शेतात गेले. आता याला मार्क द्यायचे का नाही? प्रश्न कळलाय, उत्तर बरोबर आहे, वाक्य पूर्ण आहे, फक्त भाषा घरची आहे. जुन्या पद्धतीत सरळ लाल रेघ. अक्कलकुवा-धडगावकडचं पोरगं तर भिलोरी किंवा पावरी बोलत शाळेत येतं, त्याला प्रमाण मराठी ही जवळजवळ परकी भाषा. त्या पोराला पहिलीत वाचता आलं नाही म्हणून ढ म्हणणं म्हणजे आपल्याला उद्या तमिळमधे पेपर देऊन नापास करण्यासारखं आहे. मी आकारिक मधे तोंडी विचारतो, घरच्या भाषेत उत्तर आलं तरी समज आहे म्हणून नोंदवतो, आणि प्रमाण मराठी हळूहळू वेगळी शिकवतो. नुसत्या लेखी पेपरात हे करता येत नाही, म्हणून मला २० मार्कांच्या तोंडीला सरसकट वाईट म्हणवत नाही, ते डोळे मिटून वाटले जातात हे वाईट.

बरं, दहावीत ९५ टक्के पास व्हायला लागले मग निवडायचं काम कुठं गेलं? ते बंद नाही झालं, जागा बदलली त्यानं. सीईटी, जेईई, नीट. सारंगखेड्याची यात्रा आता तिकडे भरते. आणि हा बदल खेड्यातल्या माणसाला सगळ्यात महाग पडलाय, कारण दहावी-बारावीची तयारी गावातली शाळा करून घ्यायची, नीटची तयारी शाळेत होत नाही, त्याला लातूर, पुणे नाहीतर कोटा. कापसाचे पैसे आले की आधी क्लासची फी आणि पोराच्या रूमचं भाडं, अशी घरं मला माहितीयेत. आप्पांच्या काळात मॅट्रिकसाठी अमळनेरला छात्रालयात राहायचे, आज नीटसाठी लातूरला होस्टेलला, मधली पन्नास-साठ वर्षं निवडीची परीक्षा जरा घराजवळ आली होती ती पुन्हा लांब गेली, मला याचं फार वाईट वाटतं.

आत्ताची परिस्थिती थोडक्यात. २०१९ ला केंद्रानं कायदा बदलला आणि पाचवी-आठवीत मागे ठेवायचं का ते राज्यांवर सोडलं. महाराष्ट्रानं २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली, त्यात नापास झालं तर जादा शिकवून पुनर्परीक्षा, आणि तिच्यातही नापास झालं तरच त्याच वर्गात. म्हणजे बाकीच्या इयत्तांना नियम जुनाच. शिवाय बऱ्याच इयत्तांना राज्यभर एकसारख्या चाचण्या येतात त्यांना आम्ही पॅट म्हणतो. आणि निपुण भारत, २०२१ ला सुरू झालं, त्याचं म्हणणं एवढंच की २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक पोराला समजून वाचता यावं आणि साधा हिशोब यावा. मला सगळ्या बदलांत हे सगळ्यात कामाचं वाटतं, कारण हे ओलावा मोजण्यासारखं माप आहे, शेजारच्या पोराशी तुलना नाही.

आई-बापांना एक सांगायचंय. १ मेच्या सुमारास निकालपत्रक हातात येतं तेव्हा नुसती श्रेणी बघून घडी घालू नका, गुरुजींना किंवा बाईंना विचारा की आकारिकचे किती आणि संकलितचे किती. आकारिक भरपूर आणि संकलित अगदी कमी असेल तर समजा की पोराला आधाराशिवाय जमत नाहीये, उलटं असेल तर पोरगं शाळेत बोलत नाही, भाग घेत नाही, त्याचं कारण शोधा. आणि घरी एक करून बघा, असर नावाचा शिक्षणाचा सर्व्हे करणारे गावोगाव करतात तेच, दुसरीच्या पुस्तकातला एक साधा परिच्छेद पोराला वाचायला द्या, मग एक वजाबाकी हातच्याची आणि एक भागाकार. पाच मिनिटं लागतात. पोरगं पाचवीत असो का सातवीत.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साक्री तालुक्यातल्या माझ्या शाळेतलं एक पोरगं गुजरातमधून परत आलं, आई-बापासोबत ऊसतोडीला गेलं होतं दिवाळीनंतर. दुसरं सत्र पूर्ण बुडालं. नियमानं ते चौथीत जाणार. मी त्याला ओट्यावर बसवून दुसरीचा धडा दिला, तीन ओळी अडखळत वाचल्या त्यानं, चौथी ओळ सरळ गेली. वजाबाकी आली नाही. त्याच्या बापाला मी सांगितलं की शाळा सुरू व्हायच्या आधीचा महिना रोज सकाळी आठला याला माझ्याकडे पाठव, पुस्तक नको, पाटी दे फक्त. दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच आलं, सोबत धाकटी बहीण घेऊन.